ट्रॉम्सोला वर्षभर शिकवायला जातेय, सोबत आठ वर्षांची लेक

खाडीकाठ :

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीची. चौदा वर्षं झाली, मत्स्यप्रक्रिया शिकवते. मासा बोटीवरून उतरल्यापासून ताटात पडेपर्यंत त्याचं जे जे होतं, म्हणजे बर्फ, मीठ, सुकवणं, डबाबंद करणं, तो माझा विषय. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विद्यापीठात या ऑगस्टपासून पुढच्या जूनपर्यंत व्हिजिटिंग फॅकल्टी म्हणून बोलावणं आलंय. नवऱ्याला इथला व्यवसाय सोडून येता येणार नाही, म्हणून मी आणि आठ वर्षांची लेक, दोघीच निघतोय.

व्हिसा, करार, घर याबद्दल तिथलं ऑफिस नीट कळवतंय. मला विचारायचंय ते त्या कागदांत नाही. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मग पोर उठणार कशी?" तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. आम्ही दोघी उन्हात वाढलेल्या. अंगणात सुकट वाळत घातल्याशिवाय आमच्याकडे उन्हाळा सरत नाही.

आणि वर्ग. इथे मी आत शिरले की साठ मुलं उभी राहतात, तास संपला की दहाजण टेबलाभोवती जमतात. तिथल्या मुलांशी कसं वागायचं? शिवाय लेकीला नॉर्वेजियनचा एक शब्द येत नाही. तिला थेट तिथल्या शाळेत घालू, की इंग्रजी शाळा शोधू?

जे कुणी तिकडे राहिलंय त्यांनी मोकळेपणाने सांगा. पर्यटनाची माहिती भरपूर वाचून झालीय.

कोयनाकाठचा :

खाडीकाठ, अभिनंदन. मी कराडचा, भूगर्भशास्त्र शिकवतो. ऑगस्ट २०१६ ते जून २०१८ अशी दोन वर्षं मी ट्रॉम्सोतच शिकवलं. एकटा होतो, त्यामुळे शाळेबद्दल दुसरं कुणी सांगेल ते जास्त खरं धरा. बाकीचं सांगतो. लांबेल, पण तुम्ही जाताय म्हटल्यावर राहवत नाही.

आधी अंधाराचं. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही हे खरं, पण भर दुपारी तो क्षितिजाच्या फार खालीही नसतो. साधारण अकरा ते एक या वेळात आभाळ निळं होतं. आपल्याकडे दिवेलागणीला जो निळा रंग पाच-दहा मिनिटं दिसतो आणि जातो, तो तिथे दोन तास टिकतो. आभाळ मोकळं असेल तर दक्षिणेच्या डोंगरांमागे गुलाबी पट्टा, आणि खालचा बर्फ तोच रंग घेतो. या दोन तासांत घराबाहेर असणं हे तिथल्या हिवाळ्यातलं सगळ्यात मोठं काम समजा. रोज. बर्फ पडत असला तरी.

मला हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. मी नेमका तो वेळ खोलीत बसून असाइनमेंट तपासण्यात घालवायचो आणि चार वाजता बाहेर पडायचो, तेव्हा मिट्ट काळोख. डिसेंबरात शनिवार-रविवारी दुपारी दीड-दोनला जाग यायला लागली. घरी फोन करणं टाळू लागलो, कारण हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, मी उठेपर्यंत आईची संध्याकाळ झालेली असे. मी आजारी नव्हतो, पण माझ्यातलं काहीतरी मंदावत चाललं होतं हे आता कळतं. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने एकदा विचारलं, "तू बाहेर कधी जातोस?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला तो दारात उभा होता, हातात जास्तीचे ब्रोडर घेऊन. ब्रोडर म्हणजे बुटाखाली अडकवायचे खिळे. त्यानंतर जूनपर्यंत आम्ही जवळजवळ रोज चाललो, आणि बोललो फार थोडं.

ट्रॉम्सो हे गाव मुख्यतः एका बेटावर आहे. बेटाच्या कण्यावरून दिवे लावलेली स्कीची वाट जाते, तिला लीसलॉयपा म्हणतात. वर माथ्यावर प्रेस्तवानेट नावाचं तळं आहे, ते हिवाळ्यात गोठतं. सुट्टीच्या दिवशी लेकीला घेऊन तिथे जा. अंधारात लहान मुलं घसरगाड्या ओढत हिंडताना दिसतील आणि सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल. संपूर्ण गाव डिसेंबरात खिडक्यांत दिवे लावून ठेवतं, कागदी चांदण्या, सात दिव्यांच्या कमानी. पडदे कुणी ओढत नाही. तुम्हीही एक आकाशकंदील सोबत न्या आणि दिवाळीपासून खिडकीतच राहू द्या. माझा फेब्रुवारीपर्यंत होता.

कॉड माशाच्या यकृताचं तेल, तिकडे 'ट्रान', ते तुम्हाला मी काय सांगणार. तिथली जुनी माणसं म्हणतात, महिन्याच्या नावात 'र' असेल तेव्हा ट्रान घ्यावं. सप्टेंबर ते एप्रिल सगळ्या नावांत 'र' येतो. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी मात्र इथूनच करून जा, म्हणजे मुळात किती कमी आहे ते कळेल.

सूर्य परत येतो तो दिवस पंचांगाप्रमाणे १५ जानेवारीच्या आसपास, पण समोर डोंगर असल्यामुळे गावात २१ जानेवारी हा सूर्याचा दिवस मानतात. त्या दिवशी बेकऱ्यांतून 'सूलबोलर' मिळतात, जॅम भरलेले गोल गोड पाव. शाळेतली मुलं डोंगराकडे तोंड करून उभी राहतात. पहिल्या वर्षी त्या दिवशी ढग होते. चार दिवसांनी मी वर्गात फळ्यावर लिहीत असताना फळ्याच्या एका कोपऱ्यावर पिवळा तुकडा पडला. मी खडू खाली ठेवला. वर्गातल्या बावीसही जणांनी माना वळवल्या. कुणी काही बोललं नाही, आणि मीही दोन मिनिटं पुढे शिकवलं नाही.

थंडीची भीती सोडा. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे ट्रॉम्सोचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. आतल्या भागातल्या कारास्योकला १ जानेवारी १८८६ ला उणे ५१.४ नोंदलं गेलंय. तिथे तुम्हाला जायचं नाहीये. ट्रॉम्सोचा खरा त्रास निसरड्याचा. बर्फ पडतो, मग दोन दिवस पाऊस, मग रात्रीत तो काच होतो. ऑक्टोबरमध्ये मी बसथांब्यावर असा पडलो की मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं. पहिल्या पगाराच्या आधी दोघींसाठी ब्रोडर घ्या आणि कोटाला लावायचे चकाकते पट्टे घ्या. ते न लावता अंधारात रस्ता ओलांडणारा माणूस ड्रायव्हरला दिसतच नाही.

आता वर्ग. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण मी तिथे अंधारापेक्षा वर्गाने जास्त खचलो होतो.

तुम्ही आत शिराल तेव्हा कुणी उभं राहणार नाही. तुम्हाला नावाने हाक मारतील, नुसत्या पहिल्या नावाने, एकवीस वर्षांचा मुलगासुद्धा. यात अनादर शून्य आहे, तिथे कुलगुरूंनाही तशीच हाक मारतात. व्याख्यान सव्वाला सुरू होतं. वेळापत्रकात बारा लिहिलेलं असेल तरी बारा पंधराला, त्या पंधरा मिनिटांना 'अकादमिक पाव तास' म्हणतात. पंचेचाळीस मिनिटं, मग सुट्टी. बहुतेक व्याख्यानांना हजेरीची सक्ती नसते.

हे सगळं आठवड्याभरात अंगवळणी पडतं. शांतता अंगवळणी पडत नाही. मी प्रश्न विचारायचो, कुणी तोंड उघडायचं नाही. कुणी मान डोलवायचं नाही, कुणी हसायचं नाही. तास संपला की तीस सेकंदांत वर्ग रिकामा. मी सप्टेंबरभर समजत होतो की माझं इंग्रजी त्यांना कळत नाही, ऑक्टोबरभर समजत होतो की मी त्यांना आवडत नाही. मग आवाज वाढवला, गमती सांगू लागलो, एकेकाचं नाव घेऊन विचारू लागलो. ते शेवटचं कधी करू नका. तिथे सगळ्यांसमोर एकाला उभं करून विचारणं म्हणजे त्याला पेचात टाकणं, आणि ज्याला येतं तोही गप्प राहतो, कारण इतरांपुढे आपली हुशारी मिरवणं तिथे बरं दिसत नाही.

मार्ग सापडला तो फील्डवर. विद्यार्थ्यांना घेऊन खडक बघायला गेलो होतो. थर्मासमधली कॉफी काढल्यावर, दगडावर बसल्या बसल्या, वर्गात कधी न बोललेली एक मुलगी मला फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या, हिमनदीबद्दल वीस मिनिटं सांगत होती. तिचे आजोबा तिथलेच. तिने माझ्या व्याख्यानातलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि ते का पटत नाही ते सांगितलं. म्हणजे ती सगळं ऐकत होती. सगळेच ऐकत होते. त्यानंतर मी प्रश्न विचारून तीन मिनिटं दोघा-दोघांत बोलायला द्यायचो आणि मग जोडीचं उत्तर मागायचो. वर्ग बोलता झाला. तुमचा विषय तर हाताने करायचा. प्रयोगशाळेत, मासा कापताना, ती मुलं तुमच्याशी बोलतील. लवकर प्रयोगशाळेत न्या.

परीक्षेचं नीट समजून घ्या. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, उमेदवार क्रमांक असतो. श्रेणी ए ते एफ. निकालानंतर विद्यार्थी एका आठवड्यात गुणांचं कारण मागू शकतो आणि तीन आठवड्यांत तक्रार करू शकतो. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. पहिल्यांदा माझ्याकडे सात जणांनी कारण मागितलं तेव्हा मला तो अपमान वाटला. तो नव्हता. तपासतानाच प्रत्येक उत्तराजवळ दोन ओळी लिहून ठेवा, पुढचं सोपं जातं.

आणखी एक, याची तयारी मनातूनच करावी लागते. हा मुलूख सामी लोकांचाही आहे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा. विद्यापीठात पाट्या नॉर्वेजियन आणि सामी अशा दोन्ही भाषांत दिसतील, ट्रॉम्सोचं उत्तर सामी नाव रोम्सा. जुन्या पुस्तकांत त्यांना 'लॅप' म्हटलेलं असतं, तो शब्द तोंडात येऊ देऊ नका, तो हिणवण्याचा आहे. कित्येक दशकं सामी मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलू दिली नाही. त्या धोरणाची चौकशी करणाऱ्या आयोगाने १ जून २०२३ ला संसदेला अहवाल दिला, म्हणजे विषय जुना झालेला नाही. ६ फेब्रुवारीला सामी राष्ट्रीय दिन असतो, त्या आठवड्यात गावाच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात. लेकीला नक्की न्या. माझ्या वर्गातला एक मुलगा त्या दिवशी निळा-लाल गाक्ती, म्हणजे सामींचा पारंपरिक पोशाख, घालून आला होता, एरवी त्याने आपण सामी आहोत हे कधी सांगितलं नव्हतं.

पैशाचं थोडक्यात : गेल्या गेल्या करकार्ड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा कागद, काढा, नाहीतर पगारातून पन्नास टक्के कापतात. ओळखक्रमांकाशिवाय बँक खातं नीट उघडत नाही आणि बँकआयडीशिवाय, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या सोयीशिवाय, त्या देशात कुठलंच काम हलत नाही. पहिले दोन महिने पुरेल एवढी सोय इथूनच करून जा.

सईची_आई :

कोयनाकाठचा यांनी बाकी सांगितलंच आहे, मी शाळेबद्दल लिहिते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं ट्रॉम्सोत होतो, सई गेली तेव्हा सात वर्षांची होती.

माझं मत ठाम आहे, सरकारी शाळेत घाला. इंग्रजीतून शिकवणारी शाळाही गावात आहे, पण एका वर्षात शेजारच्या मुलांबरोबर खेळायला लागेल ती सरकारी शाळेतच. फी नाही. नॉर्वेजियन येत नाही अशा मुलांना ती येईपर्यंत वेगळं शिकवण्याचा हक्क कायद्यानेच आहे. सातवीपर्यंत गुण देत नाहीत, त्यामुळे मागे पडण्याची चिंता नको. शाळा सुटल्यावरच्या पाळणाघराला एसएफओ म्हणतात, पहिली ते तिसरीच्या मुलांना आठवड्याचे १२ तास मोफत असतात. तुम्ही चारला घरी याल तोवर ती तिथे राहील.

सई पहिले सहा आठवडे शाळेत एक अक्षर बोलली नाही. घरी येऊन रडायची आणि मी तिच्यासोबत. सातव्या आठवड्यात ती झोपेत नॉर्वेजियन बडबडली. मुलांना मैदानात घसरगाडी ओढायला भाषा लागत नाही, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुलं बाहेर असतात, पाऊस असो की बर्फ. म्हणून कपडे महत्त्वाचे : आत लोकरीचे, वर एकसंध पार्कड्रेस, हातमोज्यांच्या निदान तीन जोड्या, सगळ्यावर नाव. नवं घेऊ नका. मुलं दर वर्षी वाढतात, त्यामुळे फिन डॉट नो वर लोकांचं वापरलेलं उत्तम सामान मिळतं. शाळेत घालायला जाड लोकरी मोजे द्या, आत बूट घालत नाहीत.

डब्याला पोळी-भाजी दिली तर चालते. पण सईने महिन्याभराने स्वतःच सांगितलं, मला इतरांसारखा ब्रेडचा मातपाक्के दे. मला वाईट वाटलं होतं. मी दिला. रात्री पोळी होतीच.

लूलेओवासी :

मी स्वीडनमध्ये लूलेओला आहे, थोडं दक्षिणेकडे, म्हणून डिसेंबरातही आमच्याकडे तीनेक तास सूर्य असतो. पण थंडी ट्रॉम्सोपेक्षा कितीतरी जास्त, उणे पंचवीस सहज. समुद्र गोठतो आणि नगरपालिका त्या बर्फावर शहराभोवती चालायची वाट साफ करून देते. संध्याकाळी अर्धं गाव समुद्रावर चालत असतं.

मूळ सल्ला इथेही तोच, दुपारी बाहेर पडा. एक भर घालतो. मे लागला की उलटी अडचण येते. ट्रॉम्सोला २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही. मुलांना झोपवणं कठीण होतं. जाड काळे पडदे आधीच लावून घ्या.

खाडीकाठ :

कोयनाकाठचा, सईची आई, लूलेओवासी, तिघांचेही मनापासून आभार. वर्गाबद्दलचं वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण मी नेमकं तेच केलं असतं, एकेकाचं नाव घेऊन विचारलं असतं. सासूबाईंना निळ्या दोन तासांबद्दल वाचून दाखवलं. म्हणाल्या, आकाशकंदील मी बनवून देते.

दोन छोटे प्रश्न. तूप आणि कुकर न्यायचा का? आणि तिथे सुका मासा कसा असतो ते तुम्ही पाहिलंय का? शिकवायला जातेय, पण शिकायचंही आहे.

कोयनाकाठचा :

तूप नेऊ नका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतील. तिथे बिनमिठाचं लोणी फार चांगलं मिळतं, घरी कढवा. कुकर न्या, पण इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा चालणार नाही, स्टीलचा घ्या. व्होल्टेज आपल्यासारखंच, प्लगचा आकार वेगळा.

मासा पाहिलाय. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून स्क्राय येतो, म्हणजे अंडी घालायला किनाऱ्याशी येणारा कॉड. त्यातला बराचसा मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर मेपर्यंत सुकवतात. आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगतात ना, तिथे दोन माशांच्या शेपट्या बांधून जोडीने टांगतात. मी लोफोटेन बेटांवर ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाऱ्यावर आलेल्या वासाने हर्णैच्या बंदरावर उभा असल्यासारखं वाटलं. डोकी वेगळी सुकवून नायजेरियाला पाठवतात. आणि कॉडच्या जिभा कापण्याचं काम तिथे परंपरेने लहान मुलं करतात, त्याचे पैसे त्यांना मिळतात. सहा-सात वर्षांची मुलंसुद्धा धारदार सुरी घेऊन उभी असतात.

मार्चमध्ये दोन-तीन दिवस काढून लेकीला घेऊन तिकडे जा. ट्रॉम्सोला रेल्वे नाही, त्यामुळे बस किंवा बोट. वर्गालाही न्यायची परवानगी मिळाली तर न्या. आणि आपल्या बोंबलाचे फोटो सोबत ठेवा, तिथल्या लोकांना दाखवायला.